चूल नंतर निवडा, आधी धूर कुठून जाणार ते बघा

प्रश्न: ताई, लांज्याजवळ आमचं गावचं घर गेल्या वर्षी नव्याने बांधलं. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, आत टाइल्स आणि ग्रॅनाइटचा ओटा. आई ७१ वर्षांची आहे, शिमग्यापासून गणपतीपर्यंत तिकडेच असते आणि तिला चूल हवीच. गवंड्याने ओट्याच्या टोकाला सिमेंटची दोन भांड्यांची चूल करून दिली, चार इंची सिमेंटचा पाइप दोन एल्बो घालून भिंतीतून बाहेर काढला, पण धूर सगळा घरातच. म्हणून एक्झॉस्ट फॅन लावला तर आणखीनच धूर झाला! बायकोला दमा आहे, ती म्हणते चूल फोडा नाहीतर मी येणार नाही. भाऊ इंग्लंडला असतो, त्याच्याकडे काचेच्या दाराचा लोखंडी स्टोव्ह आहे, धूर अजिबात नाही. तसा मागवावा का? कुठली चूल घ्यावी, कशी बसवावी, काळजी काय घ्यावी, सगळं सांगा. सरपण आमच्याच बागेतलं, आंबा-काजूचं. गणपतीच्या आत व्हायला हवं.

उत्तर:

दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात गवंडी आहे, भाऊ आहे, फॅन आहे, बायकोची धमकीसुद्धा आहे (बरोबर आहे तिचं, त्यावर येते), पण जिच्यासाठी हा सगळा खटाटोप ती आई काय म्हणते ते एका ओळीत पण नाही. तिला बसून रांधायचंय की उभं राहून, तिची भांडी केवढी, ती चुलीवर नक्की काय काय करते, हे विचारलंत का? नसेल तर आज फोन करून विचारा, तोवर मी फॅनचं सांगते कारण तुमच्या सगळ्या गोंधळाची किल्ली तिथेच आहे.

धूर पाइपातून वर जातो तो काही पाइपाच्या प्रेमापोटी नाही. गरम हवा हलकी असते म्हणून ती वर चढते, आणि ती वर गेली की मागून घरातली हवा चुलीच्या तोंडातून आत खेचली जाते, यालाच आपण ओढ म्हणतो. पाइप जितका उंच, जितका सरळ आणि आतून जितका गरम तेवढी ओढ जास्त. आता तुमच्याकडे काय झालंय, धूर जरा वर चढतो न चढतो तोच एल्बो, मग आडवा भिंतीतून, मग परत एल्बो, आणि बाहेर आला की थंडगार पाइप, त्यातून त्याचं तोंड पागोळीच्या खालीच संपत असणार (तुम्ही लिहिलं नाहीये पण मी पैज लावते). अशा पाइपात ओढ कुठून येणार? मग तुम्ही फॅन लावलात. फॅन घरातली हवा बाहेर फेकतो, ठीक, पण बाहेर फेकली तेवढी हवा कुठून तरी आत यायलाच हवी. नवीन घर, स्लायडिंगच्या खिडक्या बंद, दार बंद, मग राहिली एकच वाट, धुराच्या पाइपाची. म्हणजे तुमचा फॅन तुमचंच धुराडं उलटं चालवतोय!! खरं वाटत नसेल तर एक उदबत्ती पेटवून चुलीच्या तोंडाशी धरा, चूल विझलेली असताना. फॅन बंद करून खिडकी उघडलीत तर उदबत्तीचा धूर आत पाइपाकडे जायला हवा, निदान सरळ वर तरी. फॅन चालू केलात की तो तुमच्या तोंडाकडे येईल बघा. आणि समजा फॅन बंद, खिडकी उघडी असूनही धूर बाहेरच येत असेल तर मग पाइपाचाच दोष, फॅनवर खापर फोडायचं कारण नाही.

तेव्हा चूल पेटलेली असताना फॅन बंद आणि चुलीच्या बाजूची एक खिडकी किंवा खालची झडप उघडी, हे आजपासून करा, त्याला पैसा लागत नाही.

भावाच्या स्टोव्हचं थोडक्यात सांगते. तो खोली गरम करायचा स्टोव्ह आहे, स्वयंपाकाचा नाही. लांज्यात जानेवारीच्या पहाटेलाही गोधडीवर भागतं, तिथे तुम्ही मे महिन्यात तो पेटवून काय करणार, घाम गाळणार? आणि त्याच्याकडे धूर दिसत नाही त्याचं श्रेय नुसत्या काचेच्या दाराला देऊ नका. भावाला विचारा, तिकडे धुराड्याच्या आत बहुतेक वेळा स्टीलचा लायनर, म्हणजे आतली नळी, घातलेली असते, वर्षातून एकदोनदा माणूस बोलावून धुराडं झाडून घेतात, असा स्टोव्ह नव्याने बसवला की त्याच खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावायची सक्ती आहे, आणि इंग्लंडमध्ये २०२१ पासून थोडक्या प्रमाणात विकायचं सरपण २० टक्क्यांपेक्षा जास्त ओलं चालत नाही. म्हणजे कोरडं लाकूड, सरळ गरम धुराडं आणि वेळच्या वेळी सफाई. या तीन गोष्टी तुम्हाला स्टोव्ह न मागवताही लांज्यात करता येतात.

आता बायकोचं. दमा असलेल्या माणसाने धुरात बसायचं नाही, यात तडजोड नाही. आपल्या आज्यांनी आयुष्य काढलं म्हणतो आपण, पण त्यांचा खोकला आणि पाणावलेले डोळे विसरतो. घरातल्या धुरामुळे जगभर वर्षाला ३२ लाखांच्या आसपास माणसं दगावतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा अंदाज आहे, आणि त्यात हृदयविकार, पक्षाघात, न्यूमोनिया, फुफ्फुसांचे जुनाट आजार आणि फुफ्फुसाचा कॅन्सर यांचा हिशोब येतो, मोतीबिंदूचाही संबंध लावलेला आहे. म्हणून माझा सल्ला, चूल आतल्या स्वयंपाकघरातून काढा आणि मागच्या पडवीत न्या. आत गॅस राहू दे, चहा-दूध-रात्रीची आमटी गॅसवर. पडवीतल्या चुलीलासुद्धा धुराडं लागतंच हां, "उघडंच तर आहे" म्हणून सोडू नका, पावसाळ्यात पडवीला झडप-ताडपत्री लागली की ती पण खोलीच होते. आणि पडवीकडून घरात येणारं दार चूल पेटलेली असताना लोटून ठेवायचं. डॉक्टरांना पण विचारा, पडवीतला धूरसुद्धा तिला झेपणार नसेल तर ती आलेली असताना चूल बंद, आईला तेवढं सांगायला तुम्हालाच लागेल, सुनेला सांगायला लावू नका.

चूल कुठली? बाजारात पत्र्याच्या, बिडाच्या, आत पंखा असलेल्या, रॉकेट नावाच्या खूप येतात. उचलून नेता येणाऱ्या अशा चुलींसाठी आयएस १३१५२ नावाचं भारतीय मानक आहे, घेणार असाल तर तो शिक्का बघून घ्या. अंगणात मोठं पातेलं चढवायला, पाणी तापवायला त्या छान, लाकूडही कमी खातात. पण रोजच्या रांधपाला तुमच्या आईसाठी मी विटा-मातीची, दोन भांड्यांची, मागे धुराडं असलेली बांधीव चूल सांगेन. पुढे मुख्य चूल, मागे वैल म्हणजे तिची जोडचूल, जाळ पुढून वैलाखालून जाऊन पाइपात जातो. ही काही नवी अक्कल नाही, वर्ध्याच्या मगनवाडीतली मगन चूल स्वातंत्र्याच्या आसपासची, आणि १९८३ पासून सरकारनेच निर्धूर चुलीचा मोठा कार्यक्रम चालवला, गावोगाव वाटल्या. त्यातल्या बऱ्याच चुली दोनतीन वर्षांत फोडल्या गेल्या किंवा त्यांच्यावर कोंबड्या बसायला लागल्या. का? भांडं भोकावर बसत नव्हतं, भाकरी शेकायला तोंडाशी जागा नव्हती, आणि पाइप काजळीने भरला तर तो झाडायचा कसा ते कोणी शिकवलंच नव्हतं. बायकांना चूल कळत नव्हती असं नाही, चूल करणाऱ्याला स्वयंपाक कळत नव्हता.

म्हणून आईची भांडी मोजा. खरंच टेप घेऊन. पेजेचं पातेलं, भाताचा टोप, तवा, बुडाशी केवढे आहेत ते. भोक भांड्याच्या बुडापेक्षा थोडं लहान, म्हणजे भांडं बसलं की कडेने फट राहता कामा नये, राहिली तर तिथूनच धूर येणार, मग पाइप आढ्यावर न्या नाहीतर चंद्रावर न्या. वैलावर काही ठेवायचं नसेल तेव्हा त्याला झाकण हवं, बिडाचं नाहीतर जुना तवा पण चालतो. आणि चुलीच्या तोंडासमोर वीतभर तरी मोकळी जागा, निखारे पुढे ओढून तांदळाची भाकरी उभी करून शेकता यायला पाहिजे, नाहीतर आई दोन दिवसांत बाजूला तीन दगड मांडेल आणि तुमचा सगळा खर्च पाण्यात.

उंची तिच्या गुडघ्यांना विचारून ठरवा. माझा अनुभव असा की "मला खालीच बसून सवय आहे" असं म्हणणाऱ्या बायका उठताना भिंत धरतात. दीड-दोन फुटाच्या चौथऱ्यावर चूल आणि समोर बसायला भक्कम स्टूल, हा मधला मार्ग बऱ्याच जणींना मानवतो.

सिमेंटची चूल तडकली असेल ना? नसेल तर तडकेल. साधं सिमेंट सतत जाळ सोसत नाही, भुगा होतो त्याचा. आतून जाळाला लागणारा भाग भट्टीच्या विटांचा नाहीतर पक्क्या भाजलेल्या विटांचा, सांधे मातीचेच, त्या मातीत भाताचं तूस आणि शेण कालवून चार दिवस मुरवलेली. बाहेरून हवं तर सिमेंट लावा, शोभेला. ग्रॅनाइटवर किंवा टाइल्सवर थेट चूल नको, तापून ग्रॅनाइट तडकतं आणि टाइल फट्कन उडते, माझ्या बहिणीच्या पायाजवळ उडालेली आहे. चिऱ्याचा चौथरा घाला, चिरा तुमच्याकडे आहेच. चुलीत लाकडाखाली लोखंडी जाळी आणि जाळीखाली राखेला जागा ठेवा, खालून हवा लागली की लाकूड ढणढण जळतं, धुमसत नाही. फुंकणी कमी लागते तो फायदा वेगळाच.

आणि गॅसचं सिलिंडर चुलीच्या आसपास नको. नळी तर नकोच नको.

आता धुराडं. पाइपाची रुंदी चार इंच दोन भांड्यांच्या चुलीला पुरते, चूक रुंदीत नव्हती, वळणांत आणि उंचीत होती. वैलाच्या मागून सरळ वर, एकही एल्बो न घालता, कौलातून बाहेर, आणि तोंड आढ्याच्या वर दोन फूट तरी. ढोबळ नियम असा की पाइपाच्या दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल, आढं, टाकी, आंब्याची फांदी, त्याच्यापेक्षा दोन फूट वर जायला हवं, नाहीतर वारा कौलांवरून वळसा घेऊन धूर परत खाली ढकलतो. पडवीचं पाखं उतरतं असल्यामुळे पाइप बराच उंच जाईल, त्याला तीन बाजूंनी तारेचा ताण द्या, जूनमधला वारा माहीत आहे ना. वर टोपी हवी, पण टोपी आणि पाइपाच्या तोंडात निदान चार इंच मोकळे, आणि कडेने जाळी, पक्षी घरटं करतात.

तो सिमेंटचा पाइप मात्र काढा. आपल्याकडे सिमेंटचा पाइप म्हणून जो सर्रास मिळतो तो बहुतेक वेळा अॅसबेस्टॉसचा असतो. काढताना ग्राइंडर लावून कापू नका, ती धूळ छातीत गेली तर वर्षानुवर्षं राहते, कॅन्सरपर्यंत जाते. आधी पाणी मारून ओला करून, मग अख्खा उतरवून, बाजूला करा. त्या जागी स्टेनलेस स्टीलचा घ्या. जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पत्र्याचा, स्वस्त पडतो पण कोकणातल्या दमटपणात गंजतो आणि नेमका आतून गंजतो, बाहेरून दिसत नाही.

कौलातून पाइप जिथे बाहेर पडतो ती जागा सगळ्यात नाजूक. एक तर गळती, त्यासाठी पत्र्याची झालर पाइपाला वरून आणि वरच्या कौलांखाली सरकवलेली पाहिजे, नुसतं सिमेंट थापून पहिल्या पावसात गळणार. आणि दुसरं म्हणजे वासे आणि रीपा. आमच्या घरी पाइप एका वाशाला जवळजवळ टेकून गेला होता, दोन वर्षं कुणाच्या लक्षात नाही, मग एका दिवाळीत फराळाची चूल दिवसभर चालली आणि घरात करपल्याचा वास, मला वाटलं चकली लागली. वर चढून बघितलं तर वासा हातभर कोळसा झालेला. तेव्हापासून मी सांगते, एकेरी पत्र्याचा पाइप लाकडापासून दीड फूट लांब, आणि छतातून जाताना त्याच्यावर आणखी एक मोठा पाइप चढवून मधल्या जागेत रॉकवूल (न जळणारी दगडी लोकर) भरायचं. वासा आडवा येत असेल तर चूल सहा इंच सरकवा, वासा कापू नका.

पाइपाच्या बुडाशी टी (इंग्रजी T च्या आकाराचा जोड) बसवा, खालून उघडणारं झाकण असलेला. हे गवंडी विसरतात आणि मग झाडायची वेळ आली की अख्खा पाइप उतरवायचा. टी असला की महिन्यातून एकदा झाकण काढायचं, वरून दोरीला काथ्याचा बोळा आणि खाली दगड बांधून सोडायचा, दोनचार वेळा वरखाली, काजळी खाली घमेल्यात. खराट्याच्या हीरांची जुडी बांबूला बांधली तरी चालते. कौलांवर आईने चढायचं नाही हे लिहायची गरज नाही पण लिहिते. काजळी साचली की पाइप आतून अरुंद होतो, धूर परततो, आणि चिकट डांबरासारखी साचली तर एखाद्या दिवशी पाइपातच पेटते. ती चिकट काजळी येते ओल्या लाकडाने आणि धुमसत्या जाळाने, म्हणून रात्रभर चूल धुगधुगत ठेवायची सवय असेल तर मोडा.

सरपणाबद्दल तुम्ही एका शब्दात लिहिलंत पण अर्धी लढाई तिथे आहे. ताजं तोडलेलं लाकूड म्हणजे निम्मं पाणीच असतं, ते जाळताना आधी पाणी उकळतं मग लाकूड जळतं. आंबा फोडून, ढलप्या करून, दिवाळी ते मे असं पूर्ण ऊन दाखवायचं आणि आगोटीच्या आधी पडवीत रचायचं, जमिनीपासून वर, भिंतीपासून चार बोटं लांब. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या तर टण्ण आवाज यायला हवा, धप्प आला तर अजून ओलं आहे. नारळाची सोडणं, करवंट्या, चुडतं पेटवणीला उत्तम. काजूचं लाकूड ठीक, पण काजूच्या बियांची टरफलं स्वयंपाकाच्या चुलीत अजिबात नको, त्यातलं तेल कातडी भाजतं आणि त्याचा धूर डोळ्याला, घशाला लागतो, तुमच्या घरात तर दमा आहे. प्लायवूड, रंगवलेल्या फळ्या, आणि पेटवायला प्लास्टिकची पिशवी नाहीतर सायकलची ट्यूब टाकायची जी पद्धत आहे ती बंद!

"सरपण फुकटचं आहे" असं म्हणणाऱ्यांसाठी एक ढोबळ हिशोब. १४.२ किलोच्या एका सिलिंडरचं काम उघड्या साध्या चुलीवर करायला जवळपास दोन क्विंटल लाकूड लागतं, चांगल्या चुलीवर एक क्विंटलच्या आसपास. तोडणं, फोडणं, वाहणं, रचणं याची मजुरी धरा आणि मग फुकट म्हणा.

रोजची राख सकाळी चूल गार असताना काढायची, पण गार दिसणाऱ्या राखेत निखारा दिवसभर जिवंत राहतो, म्हणून लोखंडी घमेल्यात आणि सरपणापासून लांब. महिन्यातून दोनदा सारवण, भेगा दिसल्या की तेव्हाच बुजवायच्या. गणपतीनंतर घर बंद करताना धुराड्याच्या तोंडाला पिशवी बांधा आणि शिमग्याला आल्यावर ती आधी काढा, मग पेटवा, हे चुलीवर खडूने लिहून ठेवा कारण विसरतंच. गांधीलमाश्यांचं पोळं पण बघायचं.

अंघोळीच्या पाण्याचं तुम्ही विचारलं नाहीत पण आई बंब पेटवत असेलच. बंद न्हाणीघरात बंब किंवा निखाऱ्यांची शेगडी कधीच नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, माणूस झोप आल्यासारखा आडवा होतो आणि उठत नाही. बंब बाहेर, पाणी बादलीने आत.

राहिला वेळेचा प्रश्न. पत्र मे महिन्यात आलंय. मातीची चूल सावलीत आठदहा दिवस वाळायला हवी, मग चारपाच दिवस नुसत्या काटक्यांचा छोटा जाळ, मग खरं रांधप, घाई केली की तडे. म्हणजे येत्या आठवड्यात गवंडी मिळाला आणि कौलातलं काम मृगाच्या आत उरकलं तर ठीक. नाही मिळाला तर भर पावसात कौलं उघडायला जाऊ नका, फॅन बंद-खिडकी उघडी करून आहे ती चूल अगदीच लागेल तेव्हा वापरा, बायको आली की तीही बंद, आणि नवी दिवाळीनंतर बांधा. यंदाचे मोदक गॅसवर उकडले तर गणपती काही बोलणार नाही, आई बोलेल, पण तिला नवीन चुलीची जागा दाखवून भांडी मोजायला बसवा.